तीननळीचं वय

शेजारच्यांची सायकल चोरीला गेली नसती, तर नानांच्या बंदुकीला कुणी तिचं वय विचारलं नसतं.

सायकल गेली शेजारच्यांची. पण चौकशीला आलेल्या ठाण्यातल्या अंमलदारांना जिन्यात गाठून, "या, आत बसा, मी सांगतो," म्हणणारे नानाच. सायकलीबद्दल त्यांना काडीची माहिती नव्हती. पण अंमलदार बसले ते नेमके बंदुकीखालच्या खुर्चीत, आणि त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला बंदुकीची गोष्ट ऐकवल्याशिवाय नानांनी आजवर सोडलेलं नव्हतं. विम्याचा एजंट, सुनेच्या माहेरची मंडळी, फ्यूज बदलायला आलेला वायरमन, सगळे त्यातून गेले होते.

"जर्मन आहे," नाना म्हणाले. "तीन नळ्या. वरच्या दोन छऱ्यांच्या, खालची गोळीची. म्हणजे एकाच बंदुकीत ससाही आणि रानडुक्करही. महायुद्धाच्या आधीची गोष्ट, पहिल्या हं. नदीवरचा पूल बांधायला एक जर्मन इंजिनियर आला होता. आमचे वडील तेव्हा जंगलखात्यात. एके दिवशी संध्याकाळी त्या जर्मनावर चालून आलं की हो डुक्कर!"

स्वयंपाकघरात माईंनी सुनेला खूण केली. "डुक्कर आलं. चहा टाक." डुक्कर आल्यावर आधण ठेवलं, की वडिलांनी नुसत्या काठीनं त्याला पळवून लावेपर्यंत चहाला उकळी यायची, आणि जर्मनानं डोळ्यांत पाणी आणून गळ्यातली बंदूक वडिलांच्या गळ्यात घातली की कप बाहेर न्यायचे. इतक्या वर्षांत चहा कधी गार झाला नव्हता.

त्या दिवशी मात्र झाला. कारण गोष्ट संपल्यावर नेहमीसारखं "वा!" न म्हणता अंमलदारांनी मान वर करून बंदुकीकडे पाहिलं आणि विचारलं, "लायसन?"

लायसन वडिलांच्या नावावर होतं, आणि वडील जाऊन जमाना झाला होता. नानांनी घाईघाईनं बंदूक खिळ्यावरून काढली, चाप ओढून नुसता 'टक्' असा आवाज ऐकवला. काडतुसावर आपटून बार उडवणाऱ्या आतल्या टाचण्या वडिलांनीच काढून विहिरीत टाकल्या होत्या. नाना लहानपणी चाप ओढत बसायचे म्हणून.

"बंदूक ती बंदूक," अंमलदार समजावणीच्या सुरात म्हणाले. "एकोणीसशे वीस सालाच्या आधीची असेल, तर शोभेची वस्तू. खुशाल भिंतीवर ठेवा. नंतरची असेल तर ठाण्यात जमा. तुम्ही युद्धाच्या आधीची म्हणताय ना? मग घाबरायचं काय! जाणकाराचा दाखला आणा महिनाअखेर. आणि सायकलीचं काय सांगत होतात?"

"माझी नव्हे ती," नाना कसेबसे म्हणाले.

नाना आयुष्यभर पाण्याचे मीटर वाचायच्या नोकरीत होते. अंधाऱ्या बोळांत वाकून, लोकांच्या मीटरवरचे बारीक आकडे वाचता वाचता त्यांची पाठ आणि नजर दोन्ही कामातून गेली होती. त्यांच्याकडे दाखवण्यासारखं असं काही नव्हतंच. भिंतीवर ही एक तीननळी होती, आणि तिच्यामुळे ते मीटर वाचणाऱ्या माणसाऐवजी, ज्याच्या बापानं काठीनं डुक्कर पळवलं असा माणूस होते. दर रविवारी सकाळी ते बंदूक मांडीवर घेऊन बसत. आधी बारीक पॉलिशपेपर, मग पितळेचं पॉलिश, मग तेलाचं फडकं. मधोमध मोडून उघडली की आतबाहेर सगळीकडे. नळीत चेहरा दिसेपर्यंत नाष्टा नाही. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत. "तुझ्या हाताला घाम असतो," हे त्यांनी माईंना लग्नानंतर लगेचच सांगून टाकलं होतं, आणि त्या रागानं की काय, माईंनी चाळीस वर्षांत भिंतीच्या त्या भागाची कोळीष्टकंसुद्धा काढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नाना ठाण्यात जाऊन, जमा झालेल्या बंदुका कुठे ठेवतात ते बघून आले. नसते गेले तर बरं झालं असतं. जिन्याखालच्या खोलीत बंदुका जळणासारख्या रचलेल्या. एकीच्या नळीत गांधीलमाश्यांनी घर केलेलं. एका उत्तम दुनळीला कुणाची तरी ओली छत्री अडकवलेली, आणि तिचं पाणी दस्त्यावरून थेंबथेंब गळतंय.

घरी येऊन नाना पंख्याखाली आडवे झाले. "आपलं काही खरं नाही," ते आढ्याकडे बघून म्हणाले. "छत्र्या अडकवतात गं. छत्र्या!"

"अहो, पण तुम्ही म्हणता ना युद्धाच्या आधीची? मग दाखला मिळेलच की," माई म्हणाल्या.

"युद्धाच्या आधीची कुठली?" कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून आक्का म्हणाल्या. आक्का म्हणजे नानांच्या थोरल्या बहीण, नानांपेक्षा चांगल्या दहा-अकरा वर्षांनी मोठ्या. "ती घरात आली तेव्हा तू रांगत होतास. नळी चाटायचास."

"आक्का, तुला काही आठवत नाही!"

"मला सगळं आठवतं. तेच तर दुखणं आहे."

"ते जाणकार येतील ना, त्यांच्यासमोर तू एक शब्द बोलू नकोस. हात जोडतो."

आक्कांनी ओठ मिटले आणि पुन्हा वाती वळल्यासारखी बोटं हलवत बसल्या.

जाणकार म्हणजे म्युझियममधल्या जुन्या शस्त्रांच्या दालनाचे साहेब. नानांनी त्यांना फोन लावला, तेव्हा पलीकडून आधी एक शिंक आली, मग एक दमलेला आवाज.

"तीन नळ्या? ड्रिलिंग म्हणतात जर्मन लोक तिला. बरं. उघडली, की नळ्यांच्या बुडाशी, खालच्या अंगाला सपाट जागा दिसेल. तिथे बारीक ठसे असतात. मुकुट, मुकुटाखाली अक्षरं. नळी सरकारी परीक्षेत पास झाल्याची खूण ती. बहुतेक वेळा महिना आणि वर्षही ठोकलेलं असतं."

"म्हणजे तारीखच लिहिलेली असते?" नानांच्या जिवात जीव आला.

"असली तर असते. जगात काही भरवसा नाही. मी गुरुवारी येतो. तोवर तिला हात लावू नका. पुसू नका, घासू नका, तेल नको. लोक आमच्या भीतीनं वस्तू घासून ठेवतात आणि आम्हाला मग फक्त चकाकी बघायला मिळते."

फोन ठेवून नानांनी बंदूक उघडली, उलटी धरली, डोळ्यांशी नेली. त्यांना आरशासारखं चकचकीत पोलाद दिसलं आणि त्यात स्वतःचा एक डोळा. 'चष्म्याचा नंबर वाढला,' असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली. मग बंदूक जेवणाच्या टेबलावर ठेवली, वर चादर घातली आणि घरादाराला ताकीद दिली, "गुरुवारपर्यंत कुणी हिला बोट लावायचं नाही. मीसुद्धा नाही!"

आता त्या घराची एक रीत होती. पाहुणा येणार म्हटलं, की घरातली प्रत्येक वस्तू पुसून ठेवायची. आक्कांच्या आईपासून चालत आलेली रीत. दाराची कडी, बल्ब, कुंडीतली पानंसुद्धा. त्या घरात एवढा मोठा साहेब येणार, आणि तो ज्या वस्तूसाठी येणार तेवढीच पुसायची नाही, हे कुणाच्याच पचनी पडलं नाही. सगळे टेबल सोडून हातात ताट घेऊन जेवत होते, आणि चादरीखाली बंदूक एखाद्या आजारी माणसासारखी पडून होती. नानांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. मध्येच घास थांबवून ते म्हणत, "मुकुट तरी दिसायला हवा होता."

गुरुवारी म्युझियमचे साहेब आले. उंच, वाकलेले, नाकाला रुमाल लावलेले. दालनातल्या धुळीनं त्यांची सर्दी बारमाही झाली होती. त्यांना बंदुकीखालच्या खुर्चीत बसवून नानांनी "जर्मन इंजिनियर होता एक" अशी सुरुवात केली.

"इंजिनियर नको," साहेब म्हणाले. "बंदूक दाखवा. गोष्टी मी रोज ऐकतो. मागच्या महिन्यात एकाच तलवारीनं लढलेले चार वेगवेगळे पूर्वज भेटले मला."

स्वयंपाकघरात सून गोंधळली. "माई, डुक्कर आलंच नाही. चहा टाकू की नको?"

चादर काढली. साहेबांनी खिशातून भिंग काढलं, बंदूक उघडली, खिडकीपाशी नेली. दस्ता पाहिला, नळ्यांमधली पट्टी पाहिली, नळ्या उलट्या करून बुड पाहिलं. पाहतच राहिले. नाना त्यांच्या खांद्यावरून वाकून त्यांच्या श्वासाबरोबर श्वास घेत होते.

"छान चमकतेय," साहेब अखेर म्हणाले. एखादा डॉक्टर रुग्णाचा पलंग छान आहे म्हणतो, तसा तो सूर होता.

"आणि ठसे?"

"ठसे इथे होते." साहेबांनी सपाट जागेवरून नख फिरवलं. "हा मुकुटाचा खालचा काठ असावा. किंवा ओरखडा. घासून सपाट झालंय सगळं. मी हात लावू नका म्हटलं होतं."

नाना गर्रकन वळले. घरातली माणसं भिंतीला टेकून उभी होती, आणि प्रत्येकाची नजर दुसरीकडे होती.

"कुणी?" नाना ओरडले. "कुणी हात लावला?"

आधी सून रडवेली झाली. "नाना, मी फक्त एकदाच... पितळेचं पॉलिश उरलं होतं समईचं. म्हटलं एवढे मोठे साहेब येणार..."

"मी थोडा पेपर मारला होता," मुलगा पुटपुटला. "बुडाशी गंज दिसला म्हणून. गंजच होता ना तो?"

"गंज? अरे, तो मुकुट असेल गाढवा!"

"मी नुसतं व्हिनेगर लावलं," माई म्हणाल्या. "आणि धुतलं. आणि वाळवलं."

"धुतलं? बंदूक धुतलीस?"

"मी विटेची पूड लावली," आक्का शांतपणे म्हणाल्या. "मला बोलायची बंदी होती, घासायची नव्हती."

नाना खिडकीजवळच्या स्टुलावर कोसळले. डोळ्यांसमोर जिन्याखालची खोली आली, गांधीलमाश्या आल्या, छत्री आली. "संपलं," ते म्हणाले. "माझ्याच माणसांनी... चार दिवस दम निघाला नाही तुम्हाला? माझ्या बापाची एवढी एकच वस्तू होती घरात. सारे मिळून उठलात तिच्यावर."

सून मुसमुसत होती. मुलगा पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत होता. साहेबांनी एक सावकाश शिंक दिली, रुमालानं नाक पुसलं आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

"यांना बोलू नका," ते म्हणाले. "चार दिवसांत पोलाद असं झिजत नाही. व्हिनेगर काय, वीट काय, हे सगळं वरवरचं. हे बघा, कडा कशा गोल झाल्यात. हे कुणीतरी वर्षानुवर्षं केलेलं काम आहे. नेमानं, मन लावून. पॉलिशपेपरनं."

एकेक करून सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या.

"रविवारी रविवारी," माई हळूच म्हणाल्या.

"बाबांनी शिकवलं होतं मला," नाना म्हणाले. पण आवाज आतून आल्यासारखा येत होता.

"बाबा नुसतं तेलाचं फडकं फिरवायचे," आक्का म्हणाल्या. "पेपर तू आणलास. मीटरच्या झाकणांचा गंज घासायला ऑफिसातून मिळायचा तो."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरचे बारीक आकडे वाचणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरचे आकडे स्वतःच्या हातानं पुसून टाकले होते, दर रविवारी, नाष्ट्याच्या आधी. नानांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि ते मांडीखाली दडवून ठेवले.

त्यांची ती दशा बघून साहेबांनाच राहवलं नाही. "घडणीवरून सांगता येईल थोडंफार," ते म्हणाले. "पण थोडंफारच. विसाच्या अलीकडची की पलीकडची, ते घडण सांगणार नाही. बघू, नळ्या सोडवतो. हा पुढचा लाकडी तुकडा निघाला की नळ्या सुट्या होतात."

"तो निघतो?" नानांनी विचारलं.

"म्हणजे? तुम्ही कधी काढला नाही?"

"बाबा म्हणायचे, तिथे खुडबुड करू नकोस."

लाकडाखालची कळ गंजून घट्ट बसली होती. साहेबांनी तेलाचा थेंब सोडला, वाट पाहिली, पुन्हा सोडला, मग नाण्याच्या कडेनं दाबलं. कट् असा आवाज झाला आणि लाकूड त्यांच्या हातात आलं. खाली नळीवर काळं, मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस होतं. या घरातली बहुधा एकमेव जागा, जिथे कुणाचं फडकं पोचलं नव्हतं. साहेबांनी कापसानं ते हलकेच टिपून घेतलं.

"आहे," ते म्हणाले.

नानांनी भिंग जवळजवळ हिसकावूनच घेतलं. पोलादात ठोकलेले, मुंगीएवढे, स्वच्छ आकडे. इतका सुरेख आकडा त्यांनी कुठल्याही मीटरवर पाहिला नव्हता. आधी चार. थोडं अंतर सोडून एकवीस.

"चार, एकवीस," नानांनी वाचलं. "म्हणजे?"

"एप्रिल, एकोणीसशे एकवीस." साहेबांनी नजर वळवली. "थोडक्यात हुकली. वाईट वाटतं मला. नेहमीच वाटतं."

म्हणजे युद्धाच्या आधीची नव्हेच. पुलाच्या वेळची नव्हे. त्या जर्मनानं गळ्यातून काढली तेव्हा ही जन्मालाही आली नव्हती. नानांना बसल्याबसल्या बंदूक, डुक्कर, काठी आणि बाप एकापाठोपाठ एक नाहीसे होताना दिसले.

"एकवीस साल तर नानांचं," मुलगा म्हणाला. "जून एकवीस."

"मग दोन महिन्यांनी मोठी आहे तुमच्यापेक्षा," साहेब म्हणाले.

"आता बोलू का?" आक्कांनी विचारलं.

नानांनी नुसती मान हलवली.

"जर्मन कुठला नि काय! पुलावरचा तो साहेब दुसऱ्याच कुठल्या मुलखाचा होता, आणि त्याला साधी छत्री सांभाळता यायची नाही, बंदूक कुठली! बाबांनी ही दुकानातून आणली. मी होते बरोबर. तू झालास, घरात पहिला मुलगा, म्हणून त्यांना काय करू नि काय नको झालं होतं. दुकानात गेले ते आईला साडी घ्यायला. आणि घेतली ही."

"आणि डुक्कर?"

"अरे, आईला काय सांगणार? साडीचे पैसे बंदुकीत घातले म्हणून? तिनं घरात घेतलं नसतं. दुकानापासून घरापर्यंत चालत आलो, तेवढ्या वाटेत बाबांनी ते डुक्कर तयार केलं. आधी लांडगा होता. मी म्हटलं, आईला लांडगा पटायचा नाही. मला रिबन घेऊन दिली आणि शपथ घातली, आईला सांगायचं नाही."

"आक्का! आई जाऊनसुद्धा तीस वर्षं झाली!"

"मला विचारलं कुणी? बोलायला गेलं, की तू म्हणतोस, तुला काही आठवत नाही."

नाना हसले की त्यांना हुंदका आला, ते कुणाला नीट कळलं नाही. जन्मभर ते बापाच्या शौर्याची म्हणून जी वस्तू घासत आले, ती त्यांच्याच जन्माच्या आनंदाची निघाली. आणि हे सांगणारा जगात एवढाच पुरावा, मुंगीएवढा. त्याच पुराव्यानं ती जिन्याखालच्या खोलीत जाणार होती.

म्युझियमचे साहेब उठले. त्यांनी भिंग खिशात घातलं, कोट झटकला, पुन्हा एक शिंक दिली. "मी जे दिसेल ते लिहितो," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "पण सर्दीत माझं एकदा बघून भागत नाही. दाखला लिहायच्या आधी मी पुन्हा एकदा बघेन. तेव्हा जे दिसेल ते लिहीन. नाही दिसलं, तर घडणीवरून लिहीन, शतकाच्या सुरुवातीची. तोवर तुमच्या गॅलरीत बसून चहा घेईन म्हणतो. आणि काय हो, तुमच्याकडे पाहुण्यांसाठी वस्तू पुसून ठेवायची रीत आहे म्हणे?"

सुनेनं मघाशी अंदाजानंच करून ठेवलेल्या चहाचा कप घेऊन ते गॅलरीत गेले आणि त्यांनी मागचं दार ओढून घेतलं.

मुलानं खिशातून पॉलिशपेपरचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. सुनेनं पॉलिशचा डबा आणला. आक्कांनी कुठूनशी विटेची पुडी काढली.

नानांनी पेपर अंगठ्याला गुंडाळला. चाळीस वर्षांची सवय होती, अंगठा आपोआप जागेवर गेला. आणि आकड्यांपाशी येऊन थांबला. त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं. चार. थोडं अंतर. एकवीस.

"अहो, पुसा ना," माई कुजबुजल्या. "त्यांचा चहा संपेल."

"तू पूस," नाना म्हणाले.

माई बघतच राहिल्या. "मी? माझ्या हाताला घाम असतो ना?"

"असू दे." त्यांनी पेपर माईंच्या हातात दिला, आणि जाऊन बंदुकीखालच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत ते कधीच बसत नसत. ती ऐकणाऱ्यांची होती. वर रिकामा खिळा होता. माईंनी पदर खोचला आणि घासायला सुरुवात केली.

"आक्का," नाना भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बाबा दुकानात गेले, ते पहिल्यापासून सांग."

"आधी सुनेला आपल्यासाठी चहा टाकायला सांग," आक्का म्हणाल्या. "या गोष्टीत डुक्कर नाही. मध्येच तिला कळायचं नाही कधी टाकायचा ते."

गॅलरीच्या दारावर टकटक झाली. "येऊ का?"

"थांबा हो जरा," माई धापा टाकत म्हणाल्या. "फार जुना डाग आहे. सहज निघत नाही."